नाव ठरण्याआधी पाणी येईल

२०२० साली, पावसाळ्याच्या तोंडावर, उत्तर प्रदेशातील दुधवा व्याघ्र प्रकल्पात गवताळ भागाची पाहणी सुरू होती. त्या पाहणीत जमिनीवर वाढणारी एक आमरी दिसली. छायाचित्रे काढली गेली, जाणकारांकडे पाठवली गेली, शेजारच्या बांगलादेशातील एका आमरी-अभ्यासकाची मदत घेतली गेली आणि नाव निश्चित झाले : युलोफिया ऑब्ट्यूसा. भारतातील तिची आधीची नोंद पिलिभीतची, १९०२ सालची; आणि त्या नोंदीचा पुरावा इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पतिसंग्रहात वाळवून जपलेला. ‘११८ वर्षांनी आमरी सापडली’ असे मथळे देशभर झळकले.

मथळा खोटा नव्हता, पण अपुरा होता. पिलिभीत आणि दुधवा हे तराईच्या एकाच पट्ट्यातले शेजारचे मुलूख. जमिनीत कंद राखून असणारी वनस्पती शंभराहून अधिक वर्षे या पट्ट्यातून बेपत्ता राहिली आणि एका सकाळी अचानक उगवली, असे मानणे कठीण आहे. ती बहुधा तेथेच होती. तिच्या फुलण्याच्या मोजक्या दिवसांत, भिजलेल्या उंच गवतातून, ते फूल पाहून थांबेल असे कोणी गेले नव्हते एवढेच. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. १९०२ मध्ये कोणीतरी ती वनस्पती दाबून, वाळवून, ठिकाण व तारीख लिहून ठेवली नसती, तर २०२० मध्ये ‘११८ वर्षे’ हा आकडाच अस्तित्वात आला नसता. बातमी कॅमेऱ्यातून आली. तिचे वजन मात्र एका जुन्या कागदावरून आले.

हा मुद्दा आज काढण्याचे कारण त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तराईत पाणी जमिनीतून झिरपत वर येते; बुंदेलखंडात ते अडवून धरावे लागते. झाशीच्या भोवतालचा प्रदेश ग्रॅनाइट आणि पट्टिताश्माचा. मातीचा थर पातळ, भूजल तुटपुंजे, पाऊस चार महिन्यांत येऊन जाणारा. म्हणून चंदेलांच्या काळापासून येथे तलाव बांधले गेले आणि बुंदेल्यांनी ती परंपरा पुढे चालवली. ओरछाच्या राजांनी बांधलेला बरुआसागर झाशीपासून फार दूर नाही. बेतवा नदी तर मराठी वाचकाला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहे. १ एप्रिल १८५८ रोजी झाशीच्या वेढ्याला सोडवायला आलेली तात्या टोप्यांची फौज तिच्याच काठी मागे हटली. मात्र झाशी म्हटले की किल्ला आठवणाऱ्या या वाचकाला झाशीचे तलावकाठ आठवत नाहीत, आणि त्या काठांवर काय उगवते हे तर विचारायलाच नको.

या तलावांचे पाणी आता बदलणार आहे. केन-बेतवा जोडप्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये ४४,६०५ कोटी रुपयांच्या अंदाजासह मंजुरी दिली आणि २५ डिसेंबर २०२४ रोजी खजुराहो येथे त्याची पायाभरणी झाली. दौधन धरणापासून निघणारा सुमारे २२१ किलोमीटरचा कालवा, आराखड्यानुसार, बरुआसागरच्या बाजूला येऊन संपतो आणि तेथून पाणी परीछा बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बेतवेत पोहोचते. प्रकल्पावरचा सार्वजनिक वाद पन्नाचे वाघ, गिधाडे, केनमधील घडियाल आणि बुडणारे जंगल यांभोवती फिरला. ते योग्यही होते. परंतु कालव्याच्या शेवटच्या टोकाला, जेथे काही बुडणार नाही, केवळ पाण्याच्या पातळीचे वेळापत्रक बदलेल, तेथील वनस्पतींबद्दल फारसे कोणी बोलले नाही. तलावाच्या काठावर उगवणाऱ्या रोपाला नेमके हेच वेळापत्रक जगवते किंवा मारते.

अशा काठांवर राहणारी आमरी म्हणून जिचे नाव प्रथम घ्यावे, ती झ्यूक्सिन स्ट्रॅट्युमॅटिका. आमरी म्हटले की झाडाच्या फांदीवर लोंबणारा, घमघमणारा तुरा डोळ्यांसमोर येतो. ही तशी नव्हे. उंची पाच ते पंचवीस सेंटिमीटर. मांसल खोड, जमिनीलगत आडवे सरकणारे आखूड मूळखोड, खोडाला आवेष्टून असलेली अरुंद, टोकदार पाने. उन्हात या पानांवर तांबूस-जांभळट झाक चढते. हिवाळा उतरणीला लागताच शेंड्यावर दाटीने बसलेल्या पांढऱ्या फुलांची लहानशी मंजिरी येते. फूल जेमतेम अर्धा सेंटिमीटर. गवताळ ओल, भातखाचरांचे बांध, नदीकाठ, तलावाचे पाणी मागे हटल्यावर उघडी पडणारी जमीन आणि, गमतीचा भाग म्हणजे, शहरातील हिरवळी, हे तिचे राहण्याचे ठिकाण. अफगाणिस्तानापासून जपानपर्यंत ती पसरलेली आहे आणि उत्तर भारताच्या मैदानांत ठिकठिकाणी आढळते. झाशीच्या तलावांचा हिवाळी काठ तिच्या गरजांशी तंतोतंत जुळतो.

आता एखादा विद्यार्थी जानेवारीच्या अखेरीस अशा काठावर गेला आणि त्याला गवतात असे काही दिसले, तर ते काय आहे हे त्याने कसे ठरवावे? येथूनच खरा प्रश्न सुरू होतो, कारण ‘ओळखणे’ या क्रियापदाचा अर्थ गेल्या दहा-पंधरा वर्षांत फार स्वस्त झाला आहे. मोबाइल रोखायचा, चित्र घ्यायचे, ॲप जे नाव सुचवील ते स्वीकारायचे.

फुलावर नसताना झ्यूक्सिन गवतासारखी किंवा केन्याच्या कोवळ्या रोपासारखी दिसते. त्या अवस्थेत तिचे चित्र घेऊन नाव मागणे म्हणजे बंद दाराकडे पाहून घरमालकाचा चेहरा सांगणे. फूल आले की काम सोपे होते, पण तेही फूल कोठे पाहायचे हे ठाऊक असेल तर. आमरीच्या फुलात तीन संदले, तीन प्रदले. प्रदलांपैकी एक इतर दोघांपेक्षा वेगळे, त्याला ओष्ठदल म्हणतात. पुंकेसर आणि कुक्षीवृंत एकजीव होऊन मधोमध एक स्तंभ उभा असतो. आमरीची जात बहुतेक वेळा या ओष्ठदलात आणि स्तंभात लिहिलेली असते. रंगात आणि पानांत क्वचितच. झ्यूक्सिनचे वरचे संदल व दोन प्रदले मिळून टोपीसारखे आच्छादन होते, ओष्ठदल पिवळे, जाडसर, बुडाशी पिशवीसारखे फुगलेले असते आणि प्रत्येक फुलाखालचे लहान पान, म्हणजे छद, फुलापेक्षा लांब असते. लिंडली याने १८२६ मध्ये या प्रजातीला दिलेले नावच ‘जोडणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, कारण ओष्ठदल आणि स्तंभ येथे काही अंशी जुळलेले असतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग नसेल, तर यातले निम्मे दिसत नाही. भिंगाची किंमत एका सिनेमाच्या तिकिटाच्या आसपास असते. विज्ञान शाखेच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या खिशात ते का नसते, हा महाविद्यालयांना विचारण्याजोगा प्रश्न आहे.

दिनदर्शिकाही ओळखीचे साधन आहे आणि तिचा उपयोग फारच कमी केला जातो. ओलसर गवताळ जागांवरच्या आमऱ्या एकाच वेळी फुलत नाहीत. युलोफियाच्या अनेक जाती उन्हाळ्यात, पहिल्या सरींच्या आगेमागे, कधीकधी पाने येण्याआधीच, कंदातून सरळ दांडा काढून फुलतात. हबेनारिया, ज्यांना महाराष्ट्रात हबे आमरी म्हणतात, भर पावसाळ्यात येतात; ओष्ठदलाच्या मागे लोंबणारी बारीक नळी हे त्यांचे लक्षण. झ्यूक्सिन थंडी ओसरताना. स्पायरॅन्थिसची फुले दांड्याभोवती जिन्याच्या पायऱ्यांसारखी वळत जातात आणि तिची पाने बुडाशी असतात. एकाच तलावकाठाला वर्षातून एकदा भेट देऊन ‘येथे आमरी नाही’ असे लिहिणारा अहवाल म्हणूनच निरर्थक ठरतो. पर्यावरणीय परिणामांचे अनेक अहवाल एका-दोन हंगामांच्या पाहणीवर उभे असतात. ज्या आमरीचे सगळे दृश्य जीवन दीड-दोन महिन्यांत आटोपते, तिच्यासाठी अशी पाहणी आणि न केलेली पाहणी यांत फरक राहत नाही.

मग नावांचा गुंता. लिनिअसने १७५३ मध्ये, सिलोनमधील वनस्पतीच्या आधारे, तिला ऑर्किस स्ट्रॅट्युमॅटिका म्हटले. विशेषणात ‘सैन्य’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, आणि एका जागी शेकड्यांनी उभी असलेली ही रोपे पाहिली की तो पटतो. रॉक्सबर्गने याच वनस्पतीला निराळ्या प्रजातीत ठेवून ‘सल्काटा’ हे विशेषण दिले. पुढे ती झ्यूक्सिन सल्काटा या नावाने हूकरच्या काळात रूढ झाली. श्लेख्टर याने १९११ मध्ये लिनिअसचे जुने विशेषण झ्यूक्सिनला जोडले आणि आजचे नाव सिद्ध झाले. याचा व्यावहारिक परिणाम असा की आजच्या नावाने जुन्या ग्रंथांत शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला ती तेथे सापडत नाही, आणि तो ‘पूर्वी नोंद नव्हती’ असे लिहून मोकळा होतो. ‘जिल्ह्यातील पहिली नोंद’ म्हणून मिरवणाऱ्या काही नोंदींचे रहस्य एवढेच असते. गंगेच्या वरच्या मैदानाची वनस्पतिसूची करणारा डथी, त्याआधी १८४७ ते १८४९ या काळात शेजारच्या बांदा जिल्ह्यातील वनस्पतींची यादी करून १८५२ मध्ये ती बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापणारा मुलकी अधिकारी एजवर्थ, यांची पाने उलटल्याशिवाय बुंदेलखंडात काहीही ‘पहिले’ म्हणता येत नाही. एजवर्थकडे मोबाइल नव्हता, मोटार नव्हती आणि मुख्य नोकरी वेगळीच होती.

ॲपविरुद्ध हा आक्षेप नाही. आयनॅचरलिस्टसारख्या मंचांनी, आणि आपल्याकडे इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलने, हजारो डोळे कामाला लावले. हे काम कोणत्याही सरकारी खात्याला एकट्याने जमले नसते. पण त्यांच्या नोंदीला मिळणारा ‘संशोधनयोग्य’ हा शेरा दोन-तृतीयांशांहून अधिक जणांच्या सहमतीवर ठरतो. सहमती हा पुरावा नव्हे. चित्रात ओष्ठदलाचे बूड दिसत नसेल, तर दहा जणांनी होकार देऊनही ते दिसणार नाही. आणि कधीकधी नावच बदलते. आशियाभर ‘स्पायरॅन्थिस सायनेन्सिस’ म्हणून ओळखली जाणारी ओलसर कुरणांवरची आमरी घ्या. जनुकीय अभ्यासातून ती एकच जात नसल्याचे पुढे आले, आणि २०१७ मध्ये तिच्यातून स्पायरॅन्थिस हिमालयेन्सिस ही जात वेगळी काढून नव्याने वर्णिली गेली. ज्या जुन्या नोंदींमागे वाळवलेला नमुना होता, त्या पुन्हा तपासता आल्या. ज्यांच्यामागे केवळ नाव होते, त्यांचे काय करायचे हे कोणालाच सांगता येत नाही.

येथे एक रास्त शंका उपस्थित होईल. झ्यूक्सिन दुर्मीळ नाही. ती संकटग्रस्तही नाही. १९३६ मध्ये ती अमेरिकेतील फ्लोरिडात आढळली, बहुधा गवताच्या बियाण्याबरोबर पोहोचलेली, आणि तेव्हापासून तेथील हिरवळींवर तण म्हणून पसरली. जी वनस्पती दुसऱ्या खंडात जाऊन तण होते, तिच्या नोंदीसाठी झाशीत एवढा आटापिटा कशाला?

पहिले उत्तर तिच्या जीवशास्त्रात आहे. कन्नडमध्ये ललित लेखक म्हणूनही मान्यता पावलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बी. जी. एल. स्वामी यांनी १९४६ मध्ये तिच्या भ्रूणविकासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. फलन न होताच बीज तयार करण्याची क्षमता तिच्यात आहे, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले. तिला अनेक ठिकाणी परागसिंचन करणाऱ्या कीटकाची गरज लागत नाही. आमरीच्या बहुतेक जाती विशिष्ट कीटकावर अवलंबून असल्याने त्यांच्या अनुपस्थितीची कारणे अनेक असू शकतात. झ्यूक्सिनच्या बाबतीत ती यादी आखूड होते. तिचे बी धुळीसारखे असते, त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो, आणि मातीतील योग्य बुरशी भेटल्याशिवाय ते रुजत नाही. म्हणजे तिला हवी ओल, ओसरते पाणी, उघडी जमीन आणि जिवंत माती. एखाद्या काठावरून ती नाहीशी झाली, तर संशयाचे बोट सरळ पाण्याकडे किंवा मातीकडे वळते. सामान्य वनस्पतीचे मोल असे असते. ती दुर्मीळ नसल्यामुळेच तिची हजेरी-गैरहजेरी मोजता येते.

दुसरे उत्तर अधिक साधे आहे. दुर्मीळ आमरी शोधणारा माणूस सामान्य आमरीवरच घडतो. दुधव्यात थांबलेली नजर एका दिवसात तयार झालेली नव्हती. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सचित्र गणनेत देशात आमरींच्या १,२५६ जाती नोंदल्या आहेत. त्यांतील ३८८ अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. जमिनीवर वाढणाऱ्या ४४७. अरुणाचल, सिक्कीम, दार्जिलिंग आणि पश्चिम घाट यांनी या गणनेतला मोठा वाटा उचलला. मध्य भारताचे कोरडे पठार तेथे अर्थातच फिके दिसते. ते खरोखर गरीब असेल. तेवढेच शक्य आहे की तेथे पुरेसे कोणी वाकून पाहिलेले नाही. मुंबई इलाख्याच्या आमऱ्यांचा सांतापाउ आणि कपाडिया यांचा ग्रंथ १९६६ मध्ये आला, आणि त्यामागे शेवाळलेल्या सड्यांवर पावसात केलेली अनेक वर्षांची पायपीट होती. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्याच्या कितीतरी आधी त्या पठाराची फुले नावानिशी कागदावर आली होती. बुंदेलखंडाच्या तलावकाठांना तो कागद अजून पुरेसा मिळालेला नाही.

कायद्याकडे पाहिले तर चित्र आणखी विचित्र होते. पाणथळींच्या संवर्धनासाठी २०१७ मध्ये केलेल्या नियमांतून नदीपात्रे, भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय आणि सिंचनासाठी उभारलेली बांधकामे वगळली आहेत. बुंदेलखंडातील तलाव मुळात याच कामांसाठी माणसांनी बांधलेले. तीन-चारशे वर्षे त्यांच्या काठावर गवत, बदके, करकोचे आणि कदाचित आमऱ्याही नांदल्या, तरी नियमाच्या भाषेत ती पाणथळ ठरेलच असे नाही. इस्रोच्या मदतीने झालेल्या राष्ट्रीय पाणथळ नकाशावलीत सव्वादोन हेक्टरांपेक्षा लहान पाणथळी केवळ ठिपके म्हणून दाखवल्या. असे ठिपके साडेपाच लाखांहून अधिक. दुसरीकडे पडीक जमिनींच्या नकाशावलीत ‘पाणथळ व दलदलीची जमीन’ हा एक स्वतंत्र वर्ग आहे. तोच ओला तुकडा एका नकाशात ठिपका आणि दुसऱ्यात पडीक. कोकणातल्या सड्यांची कहाणी वेगळी नाही. पावसाळ्यात फुलांनी झाकले जाणारे कातळ महसुली दप्तरात पोटखराबा असतात. ज्या जागेला दप्तरात मोल नाही, तेथे उगवणाऱ्या रोपाचे नाव तरी नोंदलेले असावे. वाद उभा राहिला तर हातात काही असते.

केन-बेतवाच्या पाण्याला येथे विरोध अभिप्रेत नाही. बुंदेलखंडातील दुष्काळ, टँकरची वाट पाहणारी गावे आणि हंगामी स्थलांतर या वस्तुस्थितीपुढे एका आमरीचे नाव घेऊन कालवा अडवण्याची भाषा करणे अश्लाघ्य ठरेल. मागणी फार लहान आहे. बरुआसागरसारख्या तलावाचे पाणी आज पावसाळ्यात चढते, हिवाळ्यात ओसरते आणि उन्हाळ्यात तळ गाठू पाहते. बाहेरून नियमित पाणी आले तर ओसरण्याचा काळ पुढे जाईल, कदाचित काठ उघडाच पडणार नाही. किंवा मोठे चढउतार अवेळी होतील. यांपैकी काय घडले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे दहा वर्षांनी सांगायचे असेल, तर आधीची स्थिती आजच लिहून ठेवावी लागेल. कालव्याच्या खर्चाशी या कामाची तुलना करणेही हास्यास्पद आहे. दोन शिक्षक, दहा विद्यार्थी आणि तीन हंगाम पुरतात.

आणि हे करायला झाशीइतके योग्य शहर शोधूनही सापडणार नाही. देशातील गवताळ प्रदेश आणि चारा यांवर संशोधन करणारी भारतीय चरागाह एवं चारा अनुसंधान संस्था १९६२ पासून येथेच आहे. कृषिवनिकीची केंद्रीय संस्था येथे आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेले बुंदेलखंड विद्यापीठ येथे आहे, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचे केंद्रीय कृषी विद्यापीठही येथे आहे. गवत ओळखणारी माणसे ज्या शहरात एवढ्या संख्येने आहेत, तेथे गवतात लपलेली आमरी ओळखणे ही मुळीच अशक्य गोष्ट नाही. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला तो अशाच कामासाठी, की गावातल्या तळ्याची माहिती गावाच्या वहीत असावी. प्रत्यक्षात अनेक नोंदवह्या एकमेकींची नक्कल वाटाव्यात अशा भरल्या गेल्या. एका खऱ्या तलावकाठाची, तारीखवार, नमुन्यासह केलेली नोंद अशा वहीला पुन्हा अर्थ देऊ शकेल.

काम कसे करावे याबद्दल मात्र विद्यार्थ्यांना आवर घालणे आवश्यक आहे, कारण उत्साहाने जंगलांचे बरेच नुकसान केले आहे. सगळ्या आमऱ्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटीस कराराच्या नियंत्रणाखाली येतो. युलोफियाचे कंद, ज्यांना अमरकंद म्हणतात, आजही औषध व पौष्टिक म्हणून खणले जातात. दुर्मीळ जातीचे अचूक अक्षांश-रेखांश समाजमाध्यमावर टाकणे म्हणजे खणणाऱ्याला पत्ता देणे होय. अशा वेळी तालुक्याचे नाव पुरे. रोप उपटून घरी लावण्याचा मोह तर सोडूनच द्यावा. सोबतची बुरशी कुंडीत येत नाही आणि रोप काही महिन्यांत मरते. संरक्षित क्षेत्रात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडू नये. परवानगी असेल आणि एका जागी शेकडो रोपे असतील, तरच एखादे रोप नमुना म्हणून घ्यावे. पाच-सात रोपेच असतील तर एक फूल अल्कोहोलमध्ये, पानाचा लहान तुकडा सिलिका जेलमध्ये आणि बाकी सर्व छायाचित्रांत.

छायाचित्रेही विचारपूर्वक हवीत. संपूर्ण रोप, शेजारी मोजपट्टी ठेवून. मंजिरी बाजूने. एक फूल समोरून, एक कडेने, ओष्ठदलाचे बूड दिसेल असे. छद आणि फूल यांची लांबी एकाच चौकटीत. पानाचे खोडाला वेढणारे बूड. आणि भोवतालची जागा, पाण्यापासून किती पावलांवर आहे हे कळेल अशी. फुलांच्या मोठ्या, धूसर पार्श्वभूमीच्या देखण्या चित्रांना येथे उपयोग नाही.

शेवटी नमुन्यासोबतची चिठ्ठी. वाळवलेल्या रोपाचा रंग उडतो, वास जातो, आकारही बदलतो. चिठ्ठीवरचे शब्द तेवढे राहतात. तारीख, गाव, तलावाचे नाव आणि तो कोणत्या बाजूचा काठ, मातीचा प्रकार, त्या दिवशी पाण्याची कड रोपापासून किती मीटरवर होती, आजूबाजूला कोणती गवते, साधारण किती रोपे, फुलांचा ताजा रंग, गोळा करणाऱ्याचे नाव आणि क्रमांक. वैज्ञानिक नावाची जागा त्या दिवशी रिकामी राहिली तरी चालते. ती शिसपेन्सिलीने नंतर भरता येते आणि पुढच्या पिढीला खोडताही येते. नमुन्याचा एक संच झाशीतच राहावा. दुसरा भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या प्रयागराज केंद्राकडे, तिसरा लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति अनुसंधान संस्थेकडे जावा. दोन्ही शहरे रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर आहेत, आणि पाणी ओसरण्याचा पुढचा हंगाम जानेवारीत येतो.